भोंग्यात मावेल अशी पदवी

सगळ्या कशेळ्याला ज्याचा आवाज पाठ होता तो माझा मामा घरात फार हळू बोलायचा. इतका हळू, की जेवताना त्याने भाजी मागितली तर काय मागितलं ते पुन्हा विचारावं लागे. आई चिडायची. "दादा, ओठ हालतात तुझं, पन ऐकू काय येत नाय." मग तो आवाज आणखी उतरवून म्हणायचा, "दिवसभर लोकांच्या कानात ओरडतो गं. घरच्या मानसांना तरी सुट्टी नको का?"

मामाची रिक्षा होती आणि रिक्षाच्या टपावर भोंगा होता. मागच्या सीटवर बॅटरी, अ‍ॅम्प्लिफायर आणि फडक्यात गुंडाळलेला माइक. साड्यांचा सेल, डोळे तपासणीचं शिबिर, क्रिकेटचे सामने, उद्या वीज बंद, कुणाची म्हैस सुटली, कुणाच्या घरी मयत झालं, हे सगळं कशेळ्यापासून कर्जतच्या अलीकडच्या गावांपर्यंत मामाच्या तोंडून पोचायचं. नाव गणपत, पण त्याच्याहून वयाने मोठी माणसंही त्याला भोंगामामाच म्हणत. आमचं गाव कशेळ्याजवळ, डोंगराच्या बाजूला. बाबा खोपोलीच्या कारखान्यात कामाला आणि पावसाळ्यात घरची भातशेती. मामा जाता-येता आमच्याकडे चहाला थांबायचा, आणि अंगणात शिरायच्या आधी भोंगा बंद करायचा.

त्याच्या धंद्याचा एक नियम होता. तो मला त्याने मी शाळेत असतानाच सांगितला होता. "मानूस हुबा असतो, आपन चालतो. त्याच्या वाट्याला एकच वाक्य येतं. तेवढ्यात त्याला कळलं तर कळलं." दुकानदार भलेमोठे मजकूर लिहून आणायचे. मामा ते मन लावून वाचायचा आणि पेनाने कापत सुटायचा. "'आमच्या येथे सर्व प्रकारच्या' हे त्याच्या दारात ऐकू येनार, आनी 'साड्या' पुढच्या वळनाला. त्या बिचाऱ्यानं काय समजायचं?" मामाचं प्रत्येक वाक्य आपापल्या पायावर उभं असायचं. मागचं ऐकलं नसलं तरी चालायचं आणि पुढचं चुकलं तरी काही बिघडायचं नाही.

आणि जे सांगायचं ते तो आधी जाऊन बघून यायचा. एका साडीवाल्याने 'भव्य सेल' म्हणायचा हट्ट धरला. मामा दुकानात जाऊन आला आणि म्हणाला, "भव्य काय हाय त्यात? दुकान तर माझ्या रिक्षाएवढं." त्याने सांगितलं ते इतकंच, की चांगल्या साड्या आल्या हायत, येऊन बघा. दुकानदार रुसला, पण पुढच्या दिवाळीला पुन्हा मामाकडेच आला. मयताची बातमी मात्र मामा चालत्या गाडीतून कधी देत नसे. रिक्षा थांबवायची, इंजिन बंद करायचं, खाली उतरायचं आणि उभं राहून नाव सांगायचं. का, असं विचारलं तर म्हणायचा, "गेलेल्याचं नाव आपन जाता जाता घेऊ नये."

मी अकरावीत कर्जतला जात होते तेव्हाची गोष्ट. पाऊस काही दिवस थांबलाच नव्हता. दुपारी कशेळ्याला उतरले तर पुढे जायला एक जीप नाही. मामा नाक्यावर दिसला. त्याच्या हातात सरकारी सूचनेचा कागद होता आणि तो डोंगराच्या पायथ्याच्या वाडीवर वाचून यायचा होता. "बस मागं. येताना तुला घरी सोडतो," तो म्हणाला. बॅटरी मांडीवर घेऊन मी बसले.

वाडीवर जाऊन मामाने कागद वाचला. संभाव्य दरडप्रवण क्षेत्रातील नागरिकांनी सतर्क राहावे व आवश्यकतेनुसार सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे. त्याने तो पुन्हा वाचला. माणसं दारादारात उभी राहून, डोक्यावर गोणपाटाची खोळ घेऊन, शांतपणे ऐकत होती. जागचं कुणी हललं नाही. सोमीबाई म्हणून एक म्हातारी होती. बाजारात रानभाज्या विकायला यायची म्हणून आम्हाला माहीत. ती रिक्षाजवळ आली आणि म्हणाली, "मामा, म्हंजी आमी काय करू?"

मामाने कागदात बघितलं. मग कागद उलटा करून बघितला. मागे कोरा होता. क्षणभर तो डोंगराकडे बघत राहिला आणि माइक तोंडाशी धरून बोलू लागला. "ज्यांच्या घरामागं डोंगर हाय त्यांनी अंधार पडायच्या आधी शाळेत या. पोरं घेऊन या. शाळेत भात शिजतोय."

भात शिजत नव्हता. शाळेला कुलूप होतं. रिक्षा वळवता वळवता मामा मला म्हणाला, "खोटं बोललो बाय. आता भात शिजवाय पायजे." गुरुजींकडून किल्ली, पोषण आहार शिजवणाऱ्या बाईंकडून तांदूळ, कुणाकडून सरपण, असं करत आम्ही चूल पेटवली तेव्हा पहिली माणसं कोंबड्या काखेत मारून शाळेच्या पायऱ्या चढत होती. बहुतेक सगळी आली. काही नाही आली.

डोंगर जागचा हलला नाही. दुसऱ्या दिवशी पाऊस ओसरला, माणसं घरी गेली आणि जाताना मामाची थट्टा करून गेली. एक जण म्हणाला, "भोंगामामा, डोंगर हाय तितंच हाय." मामा हसून म्हणाला, "असू दे रं. तितंच असू दे." पण संध्याकाळी आमच्याकडे चहाला आला तेव्हा तो हसत नव्हता. त्याच्या त्या हळू आवाजात मला म्हणाला, "काय झालं नाय ते बरंच झालं. पन पुढल्या खेपेला मी काय बोलू? परत भात म्हनू? येतील का ते?"

 

बारावीनंतर मला कॅनडातल्या एका विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली. कर्जतच्या माझ्या भूगोलाच्या बाईंनी अर्ज करायला लावला होता आणि मिळेल असं त्यांच्यासकट कुणालाच वाटलं नव्हतं. मी भूशास्त्र शिकायला गेले. विषय मला आवडला. माती पाणी किती पिते, उतार कुठे सुटतो, हे समजायला लागलं तशी मला आमची वाडी नव्याने दिसू लागली. पण दुसऱ्या वर्षी मी एकदा सहज भाषाशास्त्राच्या वर्गात जाऊन बसले, मग मानसशास्त्राच्या, आणि माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. सूचना ऐकून माणूस उठतो कधी आणि बसून राहतो कधी, यावर तिथे लोक आयुष्यभर काम करत होते. भूशास्त्राच्या इमारतीत त्यांची नावंही कुणाला माहीत नव्हती.

त्या विद्यापीठात एक सोय होती. जी पदवी कुठल्याही एका विभागात मिळत नाही ती विद्यार्थ्याने स्वतः आखायची. निरनिराळ्या विभागांतले प्राध्यापक मार्गदर्शक म्हणून मिळवायचे, कुठले विषय आणि कशासाठी ते लिहायचं, शेवटच्या वर्षी कुठलं काम करणार ते सांगायचं आणि समितीसमोर उभं राहायचं. ऐकायला छान वाटतं. परदेशी विद्यार्थ्याला ते तितकं सोपं नसतं. दर सत्रात पूर्ण वेळ विषय घ्यावेच लागतात, नाहीतर तिथे राहण्याच्या परवानगीवर गदा येते. माझी शिष्यवृत्ती चार वर्षांची. समितीने नाही म्हटलं आणि तोवर भूशास्त्राचे ठरलेले विषय हुकले, तर पाचवं वर्ष कोण देणार? परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयातल्या बाईंनी मला समोर बसवून हे सगळं नीट समजावून सांगितलं आणि विचारलं, "तुला हे नक्की करायचं आहे ना?" मी हो म्हटलं.

घरी फोन केला. आईने विचारलं, "आनी परत पाठवलं तुला तर?" बाबांनी विचारलं, "नाव काय त्या पदवीचं?" मी म्हटलं, नाव अजून ठरायचं आहे. मग बाबा म्हणाले, "कारखान्यात विचारतात लोकं. मी इंजिनियरिंग सांगून ठेवलंय."

माझा पहिला प्रस्ताव परत आला. माझ्या मुख्य मार्गदर्शक मार्गरेटबाई, भूशास्त्राच्या, स्वभावाने प्रेमळ पण बोलायला सरळ. त्या म्हणाल्या, "विषय सगळे चांगले निवडलेस. पण हे सगळं शिकून तू नेमकं काय करणार, ते मला तुझ्या दहा पानांत सापडलं नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत विचार कर. सप्टेंबरात एकदा समितीपुढे जाता येईल. त्यानंतर नाही."

तिथला उन्हाळा म्हणजे आपला पावसाळा. मी घरी आले ते तोंड पाडूनच. दुसऱ्या दिवशी मामा आला. चहा पिता पिता त्याने सगळं ऐकून घेतलं आणि बाबांना म्हणाला, "दाजी, लोकांना काय सांगायचं हीच अडचन हाय ना? मी सांगतो. उद्या बाजार हाय. बाय, वाक्य दे मला."

मला वाटलं चेष्टा करतोय. पण तो खरंच माझ्याकडे बघत थांबला होता. मी सुरुवात केली, "मी भूशास्त्र, भाषाशास्त्र आणि मानसशास्त्र या विषयांच्या आधारे नैसर्गिक आपत्तींच्या पूर्वसूचनांचा..."

"वळन आलं," मामा म्हणाला.

"नैसर्गिक आपत्ती आणि समाज यांचा अभ्यास."

"म्हंजी काय करतेस?"

"आपत्तीच्या वेळी माहिती लोकांपर्यंत कशी पोचते, ते बघते."

"ती माझ्या भोंग्यानं पोचते. तू काय करतेस?"

आई आतून म्हणाली, "दादा, नको सतावू पोरीला." मामा म्हणाला, "सतावत नाय. मला ऐकू नाय येत अजून."

मी वैतागले होते. वैतागातच म्हटलं, "दरड येणार आहे हे लोकांना पटेल असं कसं सांगायचं, ते शिकते मी. एकदा सांगून काही झालं नाही, तर दुसऱ्यांदा कसं सांगायचं, ते."

मामाने कप खाली ठेवला. त्याला ती वाडीवरची संध्याकाळ आठवली असणार. "हं," तो म्हणाला, "हे ऐकू आलं."

दुसऱ्या दिवशी त्याने ते खरंच सांगितलं. मी घरी होते, म्हणून माझी लाज वाचली. बाबा मात्र बाजारात कांदे घेत उभे होते. मामाची रिक्षा समोरून गेली. "मंडळी, माझी भाची कॅनडाला शिकते. दरड येनार हे लोकांना पटंल असं कसं सांगायचं, ते शिकते. डोंगराखाली राहनाऱ्यांनी तिला भेटा." आणि लगेच, "उद्या सकाळी वीज बंद राहील."

बाबा नंतर सांगायचे, जमिनीने पोटात घ्यावं असं त्यांना झालं. पण कांदेवाल्याच्या पलीकडे उभा असलेला एक अनोळखी माणूस त्यांच्याजवळ आला. कुणीतरी त्याला बाबांकडे बोट दाखवलं असेल. तो म्हणाला, "तुमचीच ना पोरगी? आमच्या घरामागनं दर पावसात माती येते. ती कवा भेटंल?" बाबांनी त्याला घरचा पत्ता दिला. घरी येऊन पिशवी ठेवली आणि मला म्हणाले, "एक जण येणार आहे रविवारी. नीट बोल त्याच्याशी." त्या दिवसापासून त्यांनी इंजिनियरिंग हा शब्द सोडून दिला.

उरलेल्या सुट्टीत मी वाडीवर जात राहिले. मामा मला सोडायचा आणि आपल्या कामाला निघून जायचा. माझ्याबरोबर कधी थांबला नाही. मी घरोघर एकच विचारत होते, त्या संध्याकाळी शाळेत का आलात, किंवा का नाही आलात? मला वाटलं होतं सगळे भाताचं नाव घेतील. एकाने घेतलं. एक जण भाऊ निघाला म्हणून निघाला होता. एका बाईला मामाचं बोलणं ऐकूच आलं नव्हतं. पत्र्यावर पाऊस वाजत होता, ती घरात मुलाला झोपवत होती. एकाची गाभण गाय होती, तिला सोडून कसा जाणार? सोमीबाई म्हणाली, "कागद वाचला तवा मामा घाबरलेला नव्हता. नंतर बोलला तवा घाबरलेला वाटला. मंग मी उठले." मी रोज संध्याकाळी मामाला हे सगळं सांगायची. आपला आवाज पत्र्याच्या घरात पोचला नव्हता, हे त्याला फार लागलं. काही दिवसांनी त्याने भोंग्याचं तोंड जरा खाली वळवून घेतलं, आणि पावसात वस्तीवर गेला की रिक्षा थांबवून बोलू लागला.

सप्टेंबरात समितीपुढे उभी राहिले तेव्हा प्रस्तावाचं पहिलं वाक्य तेच होतं, आमच्या ओसरीवर वैतागून बोललेलं. समितीतल्या एका प्राध्यापकांनी विचारलं, "भूशास्त्राचीच पदवी घेऊन सोबत हे इतर विषय घेतलेस, तर काय बिघडेल?" मी म्हटलं, "भूशास्त्र मला डोंगर कधी सुटेल ते सांगेल. पण मला ते कळलं तरी माणसं घरातच बसलेली असतील. त्या दोन्हींच्या मधलं मला शिकायचं आहे, आणि ते इथल्या कुठल्याच विभागात पूर्ण मिळत नाही." मग मी वाडीवरच्या माणसांची उत्तरं सांगितली. गाभण गाईचं सांगितलं तेव्हा मार्गरेटबाई खाली बघून हसल्या. मंजुरी मिळाली, फक्त संख्याशास्त्राचा एक विषय वाढवा म्हणाले. घरी फोन करून हे सांगितलं तेव्हा मामा तिथेच होता. "आता कुठला विषय चिकटवला?" त्याने विचारलं. मी सांगितलं. "घे घे," तो म्हणाला, "हिशेब आला तर वाईट नाय."

पदवीदानाला घरचं कुणी येऊ शकलं नाही. सगळ्यांनी बाबांच्या मोबाइलवर बघितलं. माझ्या पदवीचं इंग्रजी नाव बरंच लांबलचक होतं, आणि ते पुकारणाऱ्या माणसाची मध्येच जीभ अडखळली. मामा बाबांना म्हणाला, "मला बोलवाय पायजे व्हतं."

मी परत आले आणि दरडींच्या इशाऱ्यांवर काम करणाऱ्या एका संस्थेत लागले. कामाचा पहिला भाग खालापूरच्या बाजूला मिळाला. तोवर मामाचे गुडघे गेले होते. रिक्षा विकून तो नेरळला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला गेला होता आणि तिथे मजेत होता. इमारतीतल्या सगळ्यांची नावं आठवड्याभरात पाठ, खालच्या वॉचमनशी दोस्ती, गॅलरीत कढीपत्त्याचं झाड. मी खालापूरला जायच्या आधी त्याला भेटायला गेले. विचारलं, "मामा, तिकडे सुरुवात कशी करू?"

"मला इचारू नको," तो म्हणाला. "खालापूर माझं नाय. तितली मानसं कशाला हसतात, कशाला भितात, मला काय ठावं? जाऊन बस त्यांच्यात. लगेच कामाचं काढू नको." मग जरा वेळाने म्हणाला, "आनी जेवून जा. मामीनं वालाचं बिरडं केलंय."

ते त्याच्याबरोबरचं माझं शेवटचं जेवण. त्या थंडीत एका दुपारी तो झोपेतच गेला. कशेळ्याहून इतकी माणसं नेरळला आली की इमारतीच्या जिन्यात उभं राहायला जागा नव्हती. मुलाने मला नंतर विचारलं, "बाबांना एवढे लोक ओळखत होते?" तो नोकरीसाठी लहान वयातच मुंबईला गेलेला, त्याने मामाला धंद्यावर फारसं बघितलंच नव्हतं. मी त्याला संध्याकाळभर मामाच्या गोष्टी सांगत बसले. तो ऐकत होता, मध्ये मध्ये हसत होता. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही.

यंदाच्या पावसाळ्यात मी खालापूरकडच्या एका वस्तीवर पहिल्यांदा गेले. पिशवीत नकाशे होते. ते बाहेर काढले नाहीत. एका घराच्या ओट्यावर बसले. त्या घरच्या बाईने चहा दिला. तिच्या परसातल्या वांग्यांना कीड लागली होती, त्यावर आम्ही बोललो. तिच्या मुलीचं लग्न जमत होतं, त्यावर बोललो. माझ्या लग्नाचं तिने विचारलं, त्यावरही बोललो. पाऊस येऊन गेला. पुढच्या खेपेला नकाशे दाखवू, असा विचार करून मी निघायला उठले.

तशी तिनेही पायात चपला सरकवल्या आणि पदर खोचला.

"थांब गं जरा," ती म्हणाली. "गोठ्याच्या मागं जमिनीला भेग पडलीय. आमी कुनाला बोललो नाय अजून. चल, तुला दावते."